दोरा दातात धरायचा नाही

(सप्टेंबर २०२० च्या प्रभागसंघाच्या बैठकीत पार्लर चालवणाऱ्या आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाच्या दोघीच येऊ शकल्या, म्हणून बाकीच्या सगळ्यांसाठी इथे छापत आहोत.)



मला बोलायची सवय नाही. हात चालवायची आहे. त्यामुळं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. अध्यक्षताई म्हणाल्या, पार्लरवाल्या आणि सलूनवाल्या घरातल्या बायकांना कोरोनात काय काळजी घ्यायची ते तू सांग, तुझ्यावरून गेलंय. खरंच गेलंय. तेच आधी सांगते, नियम मागून सांगते. नियमांचा कागद तर तुम्ही सगळ्यांनीच बघितलाय.

मार्चमध्ये पार्लर बंद झालं ते तीन महिने बंदच. गटाकडून घेतलेल्या कर्जातून मी खुर्ची, आरसा आणि वॅक्सचं हीटर घेतलं होतं. कुलूप लावलेल्या खोलीत ते सगळं धूळ खात पडलं आणि हप्ता डोक्यावर. मग शासनानं २८ जूनपासून सलून-पार्लर उघडायला परवानगी दिली. आधी वेळ ठरवून यायचं, केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढंच करायचं, चेहऱ्याच्या त्वचेचं काही नाही. म्हणजे फेशियल बंद. हातमोजे, एप्रन, मास्क सक्तीचे. प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की खुर्ची पुसायची, दर दोन तासांनी फरशी पुसायची, टॉवेल एकदाच वापरायचा, आणि घेतलेल्या काळजीचा फलक बाहेर लावायचा.

मी सगळं केलं. फलक लावला, तोही मोठ्या अक्षरांत. दारात सॅनिटायझर ठेवलं. कपाळावर धरायची ती ताप मोजायची बंदूक तालुक्याहून आणली. खुर्ची तर एवढी पुसली की तिच्या हाताचा रंग गेला. मला वाटायचं, माझ्या पार्लरमध्ये कोरोना येणारच नाही.

राखीच्या आधीच्या तीन दिवसांत माझ्याकडे १९ बायका आल्या. तीन महिन्यांत कुणाच्या भुवया झालेल्या नाहीत, केस वाढलेले, आणि भाऊ येणार. माझ्या हाताखाली एक पोरगी काम करते, गटातल्याच एका ताईंची लेक. मधल्या दिवशी तिचा घसा दुखत होता. ती मला बोलली नाही. का नाही बोलली? कारण मी तिला रोजावर पैसे देते, आणि न आलेल्या दिवसाचा रोज कापते. सणाच्या तोंडावर तिला तो रोज हवा होता. मीही तिच्याकडे बघून विचारलं नाही, कारण मलाही ती हवी होती. बंदुकीत ताप दिसला नाही. घसा दुखला तर बंदुकीला काय कळणार?

दुपारी दोन वाजता आम्ही दार ओढून घेतलं, मास्क काढले, डबे उघडले. एका ताटात भाजी, दोघींचे हात. मग चहा. गिऱ्हाईक समोर असताना मी एवढी जपत होते, आणि ते गेल्यावर मला वाटलं की आता घरचंच माणूस आहे, आता कसली भीती.

तीन-चार दिवसांनी तिला ताप आला, तपासणी झाली, पॉझिटिव्ह. मग मी पॉझिटिव्ह. मग माझ्या सासूबाई. आम्ही दोघी साध्या तापावर सुटलो. सासूबाईंना नऊ दिवस ऑक्सिजन लागला. घरी आल्या आहेत, पण अजून अंगणातून चुलीपर्यंत चालताना मधे बसतात. त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं, असं कधी कधी वाटतं.

आता त्या १९ जणी. माझ्याकडे वही होती, नाव, फोन, तारीख, वेळ, काय केलं ते सगळं लिहिलेलं. मी पलंगावर पडून एकेकीला फोन केला. हे फोन करणं किती अवघड जातं ते केल्याशिवाय कळत नाही. दोघींनी मला खूप बोलून घेतलं, एकीच्या नवऱ्यानं फोनच हिसकावून घेतला. पण आशाताईंना ती यादी तासाभरात मिळाली. त्यांनी चौदा दिवस सगळ्यांची चौकशी केली. १८ जणींना काही त्रास झाला नाही. एकीला झाला. तिला माझ्याकडूनच झाला असं कुणी सांगू शकत नाही, तिच्याकडे त्याच आठवड्यात मुंबईहून दीर आले होते. पण त्या १९ मध्ये एकटीचंच मी अप्पर लिप केलं होतं. तिनं मास्क उतरवलेला, आणि मी माझा हनुवटीवर ओढून दोरा दातात धरलेला. हे मी आशाताईंना सांगितलं, आणि आज तुम्हालाही सांगते.

मग आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे. तिथल्या एका सलूनमध्ये याच मे महिन्यात केस कापणाऱ्या दोघीजणी आजारी असताना काम करत राहिल्या. पहिलीला १२ मे रोजी त्रास सुरू झाला, दुसरीला तीन दिवसांनी. २० मेपर्यंत दोघींच्या हाताखालून १३९ गिऱ्हाइकं गेली. दोघी मास्क लावत होत्या, आणि गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्याशी बोलणं झालं ते जवळजवळ सगळे मास्क लावून बसले होते. चौदा दिवस त्या १३९ जणांवर लक्ष ठेवलं. कुणालाच लक्षणं आली नाहीत. ६७ जणांनी तपासणी करून घेतली, सगळे निगेटिव्ह. बाकीच्यांनी तपासणी केली नाही, त्यामुळं कुणालाच लागण झाली नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हेही मॅडम म्हणाल्या.

पण त्या पहिल्या बाईच्या घरचं काय झालं? तिचा नवरा, मुलगी, जावई आणि मुलीच्या घरात राहणारं आणखी एक माणूस, चौघेही पॉझिटिव्ह. घरात कोण मास्क लावतं? आणि त्या दोघी गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकमेकींजवळ मास्क काढून असायच्या. मॅडम हे सांगत होत्या आणि मला माझं भाजीचं ताट दिसत होतं.

याच्या उलट एप्रिलमधली बातमी तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या एका गावात एकाच दुकानात कटिंग-दाढी केलेल्या सहाजणांना लागण झाली. सगळ्यांना एकच टॉवेल वापरला अशी ती बातमी होती. तेव्हा गावोगावी लोक टॉवेलला भ्यायला लागले. टॉवेल एकच नसावाच, त्यात वाद नाही. पण मला आता वाटतं, आपण टॉवेलला जेवढं भ्यालो तेवढं तोंडाला भ्यालो नाही. हा आजार मुख्यतः श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून जातो. आणि आपला धंदा असा की माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभं राहायचं. सहा फूट अंतर ठेवून भुवया कशा करणार? म्हणून आपल्याकडे मास्क हेच खरं अंतर.

तर आता कामाचं बोलते.

पहिलं दोऱ्याचं. आपण सगळ्याजणी थ्रेडिंग शिकलो ते दोरा दातात धरून. आता तसं करायचं नाही. दोऱ्याचं एक टोक गळ्यात सैल बांधायचं आणि दोन्ही हातांनी काम करायचं. पहिले आठ दिवस हात चुकतो, भुवई वाकडी होते की काय वाटतं. मी माझ्या पायाच्या केसांवर सराव केला, हसू नका. आता जमतं. प्रत्येकीला नवा दोरा, वापरलेला लगेच कचऱ्यात. गिऱ्हाईक स्वतःच्या हातांनी कातडी ताणून धरतं, म्हणजे तिचे हात डोळ्यांजवळ जातात. म्हणून खुर्चीत बसण्याआधी साबणानं चाळीस सेकंद हात धुवायला लावायचे. अप्पर लिप आणि हनुवटी मी बंद केली आहे. बायका रागावतात. मी म्हणते, मास्कच्या आतलं कोण बघतंय?

मास्क आपल्याच गटांनी शिवलेले सुती, दोन-तीन थरांचे चालतात. नाकावरून हनुवटीपर्यंत घट्ट बसला पाहिजे. पुढं गोल झडप असलेला मास्क दिसायला भारी दिसतो, पण त्यातून आपला श्वास गाळल्याशिवाय बाहेर येतो, म्हणजे समोरच्याला उपयोग शून्य. तो घेऊ नका. घामानं ओला झाला की बदला, दिवसाला तीन तरी लागतात. केस कापताना कानामागची दोरी आडवी येते. तेव्हा गिऱ्हाइकाला हातानं मास्क दाबून धरायला सांगा, एक बाजू करा, दोरी अडकवा, मग दुसरी बाजू. मास्क काढायचा नाही. चेहऱ्यावरची प्लॅस्टिकची काच लावायची तर मास्कवर लावा, मास्कऐवजी नको.

खिडकी उघडी ठेवा. पार्लरच्या खिडकीला पडदा लागतो, कारण समोर चहाची टपरी आणि तिथं बसलेले बघे. मी वरची निम्मी खिडकी उघडी ठेवली आणि खालच्या निम्म्या भागाला पडदा लावला. दाराला बांबूची चटई टांगली. ज्यांना जमतं त्यांनी केस कापायचं काम सरळ ओट्यावर, पडवीत आणावं. गावातले न्हावी पूर्वी झाडाखालीच बसायचे, ते आज सगळ्यात बरं होतं म्हणायचं. हेअर ड्रायर बंद ठेवा. खोलीत एका वेळी एकच गिऱ्हाईक. सोबत आलेली जाऊ, नणंद, पोरं बाहेर. आणि तोंडं बंद! हे सगळ्यात अवघड. बाई पार्लरला निम्मी बोलायला येते, हे आपल्याला माहीत आहे. मी सांगते, ताई, घरी गेल्यावर फोन करा, सगळं ऐकते. दोघी-तिघींनी खरंच केला.

आता धुण्या-पुसण्याचं. श्वास मोठा म्हणून हे सोडायचं असं नाही. कोरोना गेला तरी कात्री, ब्लेडवरून कावीळ-बी जाते, तिचा विषाणू बाहेर सात दिवसही टिकतो. गजकर्ण, उवा तर आहेतच. त्यामुळं ही सवय कायमचीच ठेवायची आहे.

कात्री, चिमटे, आधी ब्रशनं केस काढून साबणाच्या पाण्यानं धुवायचे. मळ निघाल्याशिवाय वर काही ओतून फायदा नाही. मग वीस मिनिटं उकळायचे, किंवा मेडिकलमधून ७० टक्क्यांचं स्पिरिट आणून त्यात दहा मिनिटं बुडवायचे. दोन जोड असतील तर एक धुतला जातो तोवर दुसरा चालतो. निळ्या दिव्याच्या पेटीला पैसे घालू नका. मी घातले. ज्या बाजूला दिवा पोचत नाही तिथं ती काही करत नाही, आणि घाण कंगव्यावर तर नाहीच.

प्लॅस्टिकचे कंगवे, क्लिपा, फरशी, खुर्चीचे हात यांना ब्लीचिंग पावडरचं पाणी. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टाकते ती टीसीएल पावडर तीच. एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम. वाण्याच्या तराजूवर एकदा ३० ग्रॅम तोलून घ्या आणि ती तुमच्या घरातल्या कुठल्या चमच्यानं किती भरते ते बघून ठेवा. तो चमचा मग त्याच कामाला, स्वयंपाकात परत न्यायचा नाही. कंगवे दहा मिनिटं बुडवून चांगल्या पाण्यानं धुवायचे. पाणी रोज ताजं करायचं, कालचं उतरलेलं असतं, आणि उघडं पडलेलं जुनं पाकीटही उतरलेलं असतं. लोखंडाला हे पाणी लावू नका, गंजतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड किंवा दुसरं काही त्यात कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो. दोन औषधं एकत्र केली की डबल काम होतं असं नसतं. माणसाच्या अंगावर तर हे पाणी मुळीच फवारायचं नाही.

सॅनिटायझर पेट घेतो. वॅक्सचं हीटर, गॅस, देवापुढचा दिवा यांच्या जवळ बाटली ठेवू नका, आणि हाताला लावलं की पूर्ण वाळल्याशिवाय हीटरला हात लावू नका. साबण आणि पाणी असेल तर साबणच बरा आणि स्वस्त. बाजारात खुल्या कॅनमधून, लेबल नसलेलं सॅनिटायझर कुणी देत असेल तर घेऊ नका.

वॅक्सचा डबा एक आणि त्यात तीच पट्टी परत परत, हे आपण सगळ्यांनी केलंय. आता एका बाईला लागेल तेवढं वॅक्स छोट्या वाटीत काढायचं, उरलेलं परत डब्यात नाही. कापडी पट्ट्या धुऊन वापरणं बंद. पावडरचा पफ बंद, कापसावर घ्या. टॉवेल गिऱ्हाइकानं घरून आणायचा, हे फोनवर वेळ देतानाच सांगा. विसरली तर जुन्या सुती साडीचे तुकडे करून ठेवलेत, ते द्यायचे आणि काम झालं की टाकायचे.

ज्यांच्या घरी पुरुषांचं सलून आहे त्या ताईंना एवढंच सांगते. घरच्या माणसाला सांगा, दाढी सध्या नको, मास्क काढल्याशिवाय ती होत नाही. दाढी नसली तरी मानेवरचे केस काढायला ब्लेड लागतं, ते प्रत्येकाला नवं, आणि वापरलेलं झाकणाच्या डब्यात, उकिरड्यावर नाही, तिथं पोरं आणि गुरं फिरतात. आणि तो तुरटीचा खडा. सकाळपासून रात्रीपर्यंत गावातल्या प्रत्येक हनुवटीवरून फिरतो तो खडा. तो आधी फेकून द्या.

वही ठेवा. पाच रकाने, नाव, फोन, तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काम काय केलं. स्प्रिंगफील्डमध्येही गिऱ्हाइकांची नोंद होती म्हणून १३९ माणसं सापडली. वही लपवायची नाही आणि कुणाला दाखवतही फिरायचं नाही. आशाताईंना, आरोग्य केंद्राला मागितली तर द्यायची. गावात कोण पॉझिटिव्ह त्याची चर्चा पार्लरमधून सुरू झाली तर पुढची बाई आजार लपवेल.

आणि हाच माझा मुद्दा आहे. त्रास सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, ते आपण ओळखू शकत नाही. तिथं मास्क. पण घसा दुखायला लागल्यावर तरी घरी राहता आलं पाहिजे ना? माझी पोरगी खोटारडी नव्हती. तिला रोज बुडणं परवडत नव्हतं. आता मी तिला आजारपणाच्या दिवसाचा अर्धा रोज देते, आणि सकाळी आल्या आल्या नाव घेऊन विचारते, घसा कसा आहे, वास येतोय का, घरात कुणाला ताप आहे का. डबा ती ओट्यावर खाते, मी आत खाते, एकीनं खाल्लं की दुसरीनं. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं, जुना आठवणीतला विटाळ पाळल्यासारखं. तिलाही वाटलं असणार. म्हणून मी तिला त्यामागचं कारण समजावून सांगितलं, आणि आता एक दिवस ती आत, मी ओट्यावर, असं आलटून पालटून बसतो.

अर्धा रोज मी कुठून देते? कटिंगमागे दहा रुपये वाढवले. गिऱ्हाइकाला कारणही सांगितलं. चार-पाच जणी गेल्या, बाकीच्या राहिल्या. पण ज्यांच्याकडे एवढी गिऱ्हाइकं नाहीत, किंवा ज्या एकट्याच काम करतात, त्यांनी आजारी पडल्यावर चौदा दिवस काय खायचं? मी पार्लर बंद केलं त्या महिन्यात माझ्या गटानं माझा अंतर्गत कर्जाचा हप्ता पुढं ढकलला, दंड लावला नाही. ठराव करायला कुणालाच वेळ लागला नाही. माझी विनंती आहे की हे एका गटाच्या चांगुलपणावर राहू नये. कुठलीही सदस्य तपासणीत पॉझिटिव्ह आली किंवा वहीवरून संपर्कात सापडली, तर तिचा त्या महिन्याचा अंतर्गत हप्ता पुढं जाईल आणि दंड लागणार नाही, असा ठराव प्रत्येक गटानं आपापल्या बैठकीत ठेवावा. मग ती फोन करायला घाबरणार नाही. ज्या गटांना जमणार नाही त्यांनी का जमत नाही तेही इथं येऊन सांगावं, त्यात लाजायचं काही नाही.

माझी वही मी सोबत आणली आहे. नावांवर कागद चिकटवलाय. रकाने कसे आखले ते ज्यांना बघायचंय त्यांनी बैठक संपल्यावर या, एकेक करून. आणि ज्यांना गळ्यातला दोरा शिकायचाय त्यांनी पुढच्या बुधवारी माझ्या ओट्यावर या. चौघींचीच जागा आहे, आधी फोन करा. टॉवेल घरून आणा.